सातबारा ब्लॉकचेनवर टाकाल हो, पण नोंद लिहिणार कोण?

नोव्हेंबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने समीउल्ला विरुद्ध बिहार राज्य या केसमध्ये निकाल दिला. मूळ वाद अगदी साधा होता. बिहार सरकारने नियम केला होता की विकणाऱ्याच्या नावावर जमाबंदी, म्हणजे आपल्या भाषेत फेरफार झालेला असेल तरच खरेदीखत रजिस्टर करायचं, आणि कोर्टाने तो नियम रद्द केला. पण त्याच निकालात कोर्टाने जमीन खरेदीतल्या मनस्तापावर बरंच लिहिलं, देशातल्या दिवाणी दाव्यांपैकी साधारण 66 टक्के दावे मालमत्तेचे असतात याचा उल्लेख केला, आणि लॉ कमिशनला सांगितलं की नोंदणीसाठी ब्लॉकचेन वापरता येईल का याचा अभ्यास करा. झालं. निकाल कुणी वाचला नाही, 'ब्लॉकचेन' तेवढं सगळ्यांनी उचललं. एका बाजूला पोरं लिहितायत की आता तलाठी, सर्कल, एजंट सगळे घरी, सातबारा एकदा चेनवर गेला की ब्रह्मदेवालाही बदलता येणार नाही. दुसऱ्या बाजूचे काका लोक म्हणतायत ब्लॉकचेन म्हणजे बिटकॉइन, बिटकॉइन म्हणजे जुगार, आणि आता आमच्या जमिनी जुगारावर लावणार का.

दोघंही चुकीच्या गोष्टीवर भांडतायत असं मला वाटतं. ब्लॉकचेन जुगार नाही आणि जादूही नाही, ती हिशेबाची वही ठेवायची एक हुशार पद्धत आहे आणि तिचा गुण एकच: एकदा लिहिलेलं नंतर गुपचूप बदलता येत नाही. आता आपल्याकडचे जमिनीचे बहुतेक घोटाळे लिहिलेलं नंतर बदलल्यामुळे होतात का, की मुळात लिहितानाच चुकीचं लिहिल्यामुळे? माझं म्हणणं, दुसऱ्या कारणाने जास्त होतात. म्हणून सातबारा आहे तसा ब्लॉकचेनवर टाकणं म्हणजे आजच्या चुका, लबाड्या आणि भावकीतले डाव कायमचे पक्के करून ठेवणं. या तंत्रज्ञानातला एक छोटा, स्वस्त तुकडा मात्र आपल्या फार कामाचा आहे आणि त्याबद्दल कुणीच बोलत नाहीये. त्यावर येतोच, आधी ही भानगड आहे काय ते बघू, कारण भांडणाऱ्यांपैकी निम्म्यांना तेच माहीत नाही.

भिशी डोळ्यासमोर आणा. एकाच बाईकडे वही असेल तर सगळा विश्वास तिच्यावर. प्रत्येकीकडे वहीची प्रत असेल, आणि दर महिन्याची नोंद सगळ्यांनी एकमेकींशी पडताळून मगच लिहायची असं ठरलं, तर एकीने घरी बसून आकडा बदलला तरी बाकीच्या वह्या तिला उघडं पाडतात. ब्लॉकचेनचा अर्धा भाग एवढाच आहे. उरलेला अर्धा म्हणजे हॅश. हॅश हे एक गणित आहे, त्यात कितीही मोठा मजकूर घाला, बाहेर ठराविक लांबीचा एक शिक्का पडतो. एसएचए-256 नावाची जी पद्धत सर्रास वापरतात तिच्यात हा शिक्का 64 अक्षरांचा असतो, आत एक सातबारा घाला नाहीतर अख्ख्या तालुक्याचे घाला. गंमत अशी की सातबाऱ्यात '0.40 हेक्टर' चं '0.41' केलं तर शिक्का किंचित बदलत नाही, तो अख्खाच्या अख्खा वेगळा येतो, आणि शिक्क्यावरून मागे जाऊन मूळ मजकूर काढता येत नाही. आता प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा शिक्का छापायचा. म्हणजे दहावं पान बदललं की अकराव्यावरचा शिक्का जुळत नाही, अकरावं बदलावं तर बारावं बोंबलतं, असं शेवटपर्यंत. पान म्हणजे ब्लॉक आणि पानांची ही साखळी म्हणजे चेन, यापलीकडे त्या नावात गूढ काही नाही.

आणि हे बिटकॉइन काढणाऱ्या सातोशी नाकामोतोने आकाशातून आणलेलं नाही बरं का. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टोर्नेटा या दोघांनी 1991 मध्येच डिजिटल कागदावर तारखेचा शिक्का कसा मारायचा यावर पेपर लिहिला होता, आणि त्यावर निघालेली त्यांची कंपनी 1995 पासून दर आठवड्याला आपल्या साखळीचा शिक्का न्यूयॉर्क टाइम्समध्ये छोट्या जाहिरातींच्या कॉलममध्ये छापायची. लाखो घरात पेपर गेला, आता कंपनीच्या मालकाला स्वतःला वाटलं तरी मागची नोंद बदलता येणार नाही, कारण घरोघरचे पेपर गोळा करून कोण जाळणार? सातोशीने 31 ऑक्टोबर 2008 ला, लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली बडी बँक बुडून महिना-दीड महिना झाला असताना, जे मांडलं ते वेगळं होतं: बँक नाही, मालक नाही, एकमेकांना न ओळखणारी माणसं, त्यातले काही भामटे असणार हे गृहीत धरून, आणि तरीही सगळ्यांची वही एकच राहील आणि एकच नाणं कुणाला दोनदा खर्च करता येणार नाही. त्यासाठी त्याने माइनिंग आणलं, म्हणजे पान जोडायचा हक्क मिळवायला कॉम्प्युटरने अवघड कोडं सोडवायचं, वीज जाळायची, आणि बदल्यात नवी नाणी मिळवायची. 3 जानेवारी 2009 ला पहिला ब्लॉक निघाला आणि त्यात त्या दिवशीच्या लंडनच्या टाइम्समधला बँकांना पुन्हा वाचवण्याबद्दलचा मथळा कोरलेला आहे. बघा, तारीख सिद्ध करायला परत पेपरच.

हे वेगळेपण मला महत्त्वाचं वाटतं. साखळी आणि शिक्के ही स्वस्त गोष्ट आहे. मालकाशिवाय चालणारी वही ही महाग गोष्ट आहे, तिला वीज लागते, वेळ लागतो, बिटकॉइनला एक पान जोडायला सरासरी 10 मिनिटं लागतात. इथेरियम या दुसऱ्या मोठ्या चेनने सप्टेंबर 2022 मध्ये कोडी सोडवणं बंद करून नाणी तारण ठेवून पान जोडायची पद्धत आणली आणि विजेचा खर्च 99 टक्क्यांहून जास्त खाली आला, हे खरं, त्यामुळे 'ब्लॉकचेन पृथ्वी जाळते' हा आक्षेप आता सरसकट लावता येत नाही. पण ती महाग गोष्ट घ्यायची कधी? जेव्हा मालक कुणीच नको असेल तेव्हा. जमिनीच्या रेकॉर्डला मालक नको आहे का आपल्याला? उद्या भावाने कब्जा सोडला नाही तर आपण कुणाकडे जाणार, सातोशीकडे? तहसीलदाराकडे, प्रांताकडे, कोर्टातच जाणार ना.

आता समोरच्यांचा सगळ्यात जोरदार मुद्दा घेतो, कारण तो खरोखर जोरदार आहे. ते म्हणतात, बाबा रे, रेकॉर्डरूममधली पानं गायब होतात, जुन्या फेरफारावर नवीन शाईने नाव घुसतं, आणि कॉम्प्युटर आला तरी ज्याच्याकडे लॉगिन आहे तो काहीही करू शकतो. यात खोटं काही नाही. महाराष्ट्रात सुमारे अडीच कोटी सातबारे आहेत, हस्तलिखितावरून कॉम्प्युटरवर आणताना चुका झाल्या, आणि त्या दुरुस्त करायला जमीन महसूल संहितेचं कलम 155 वापरलं गेलं. हे कलम आहे लेखनप्रमादासाठी, म्हणजे 'पाटील' चं 'पाटोल' झालं तर नीट करायला. पण त्याच्या आडून हक्कच इकडचे तिकडे केल्याच्या इतक्या तक्रारी झाल्या की शासनाला चौकशी लावावी लागली. अशा ठिकाणी कुणी, कधी, काय बदललं याची न पुसता येणारी साखळी असती तर फरक पडला असता का? पडला असता. एस्टोनियाने हेच केलंय. 2007 मध्ये त्यांच्यावर मोठे सायबर हल्ले झाले, त्यानंतर त्यांनी सरकारी नोंदींना अशाच हॅशच्या साखळीचं कुंपण घातलं, म्हणजे आतल्या माणसाने जरी फाइलला हात लावला तरी कळावं. त्याला ब्लॉकचेन म्हणतात खरं, पण त्यात नाणं नाही, माइनिंग नाही, टोकन नाही. हा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे.

फक्त तो जिथे संपतो तिथे आपलं दुखणं सुरू होतं. एक फेरफार जवळून बघू. बाप वारला. दोन भाऊ, दोन बहिणी, बहिणी लग्न होऊन गेलेल्या, एक पुण्यात, एक सुरतेला. थोरला भाऊ वारस नोंदीचा अर्ज करतो, प्रतिज्ञापत्रात वारस दोनच लिहितो. पोलीस पाटलाला सगळं माहीत असतं पण गावात राहायचंय. नोटीस निघते, चावडीवर लागते, बहिणींच्या पत्त्यावर जायची ती 'गावी राहतात' म्हणून गावच्याच पत्त्यावर जाते आणि घेतो कोण, तर धाकट्या भावाची बायको. 15 दिवस हरकत येत नाही. सर्कल नोंद मंजूर करतात. सातबारा डिजिटल सहीचा, क्यूआर कोडसकट, एकदम टकाटक. 1994 ला महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा दिला, 2005 ला केंद्राने कायदा बदलला, 2020 ला सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा निकालात उरलीसुरली शंका काढली, आणि तरीही हा फेरफार रोज कुठल्या ना कुठल्या गावात मंजूर होतो. आता मला सांगा, यात कुठली नोंद कुणी नंतर बदलली? एकही नाही. सगळं नियमात, सगळं वेळेत. ब्लॉकचेनवर असता तर हा फेरफार तारीख, वेळ आणि शिक्क्यासकट अजरामर झाला असता, आणि बहीण भांडायला आली की भाऊ म्हणाला असता, बघ, चेनवर आहे, चेन खोटं बोलत नाही.

चेन खोटं बोलत नाहीच, तिला जे सांगितलं ते ती न विसरता सांगते. बिटकॉइनमध्ये हे चालून जातं कारण नाणं चेनच्या बाहेर कुठे नसतंच, वहीतली नोंद हेच नाणं. जमिनीचं तसं आहे का? जमीन शिवारात आहे, बांध दरवर्षी वीतभर सरकतोय, गटाचे पोटहिस्से तोंडी पडलेत, मोजणी आजोबांच्या काळात झाली, सातबाऱ्यावर 60 गुंठे आणि वहिवाटीत 52. वही आणि वस्तू यांच्यामधली ही जी फट आहे ती भरायला माणूस लागतो, साखळी लागत नाही. मोजणीवाला लागतो, त्याला टेबल-फीता (आता रोव्हर) घेऊन उन्हात उभं राहावं लागतं, आणि शेजाऱ्याने 'माझी हद्द इथून' म्हणून दगड दाखवला की निर्णय घ्यावा लागतो.

या फटीत आपण आधीही पडलोय, आणि चांगले आपटलोय. 1820 च्या दशकाच्या शेवटी पुणे भागात प्रिंगल नावाचा इंग्रज अधिकारी जमिनीची पाहणी करायला आला. रिकार्डो या इंग्रज अर्थतज्ज्ञाच्या विचारांवर बेतलेली पद्धत, जमिनीचा खर्च वजा जाता निव्वळ उत्पन्न काढायचं, त्यावर सारा बसवायचा, कागदावर बघितलं तर त्या काळची ही लेटेस्ट टेक्नॉलॉजी. पण मोजणारे आणि आकडे भरणारे हाताखालचे लोक, त्यांनी लाच घेऊन कुणाची जमीन कमी दाखवली, कुणाची भारी, मोजण्या चुकल्या, आणि त्या चुकीच्या आकड्यांवर अचूक गणित करून बसवलेला सारा इंदापूरच्या रयतेला झेपेना. लोक जमिनी टाकून गेले. शेवटी 1836 पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांना तिथे नव्याने पाहणी करावी लागली, त्यांनी ते निव्वळ उत्पन्नाचं गणित बाजूला ठेवून शेत बघून प्रत ठरवायची, सारा कमी आणि 30 वर्षांसाठी कायम, अशी साधी पद्धत घेतली आणि तीच मग मुंबई इलाख्यात पसरली. आज आपण ज्या सर्व्हे नंबरवरून भांडतो ते त्याच पाहणीचे वंशज आहेत.

दुसरं उदाहरण जास्त जवळचं. 1 एप्रिल 1957, कृषक दिन, त्या दिवशी कसणारी कुळं कायद्याने जमिनीची मालक व्हायची होती. मग ज्याचं पीकपाहणीत नाव तो वाचला. पण कुळांची नावं कितीतरी ठिकाणी लागलेलीच नव्हती आणि कितीतरी कुळांनी 'स्वखुशीने' राजीनामे दिलेले होते. गोखले संस्थेच्या दांडेकर-खुदानपूर पाहणीने तेव्हाच दाखवलं की हे स्वखुशीचे राजीनामे बरेचसे नावाचेच स्वखुशीचे होते. त्या कागदांवर अंगठे खरे होते, साक्षीदार खरे होते, तारखा खऱ्या होत्या. न बदलणाऱ्या वहीने तिथे कुळाला वाचवलं असतं की जमीनदाराला?

इथे कुणीतरी म्हणेल की मग नोंद लिहितानाच सगळ्यांची सहमती घ्या, तेच तर कन्सेन्सस. बरोबर, आणि हे आपल्याकडे होतंच की. शिवकाळात-पेशवाईत वतनाचा वाद आला की गोतसभा बसायची, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार, आसपासच्या गावचे लोक, आणि महजर, म्हणजे साक्षीनिशी निवाड्याचा कागद व्हायचा, त्यावर प्रत्येकाची निशाणी, पाटलाचा नांगर, बाकीच्यांची आपापल्या धंद्याची हत्यारं. गावचा हिशेब कुलकर्ण्याकडे, परगण्याचा देशपांड्याकडे, वर हुजूर दफ्तर. एकच गोष्ट तीन ठिकाणी लिहिलेली, म्हणजे एकाने बदल केला तर दुसऱ्याकडे पकडला जाणार. आता हे डिस्ट्रिब्युटेड लेजर नाही तर काय आहे? आणि तरीही खोटे महजर निघायचे, वतनाचे तंटे तीन-तीन पिढ्या चालायचे. कारण निशाण्या करणारे सगळे त्याच गावात राहणारे, कुणी कुणाचा व्याही, कुणी कुणाचा देणेकरी. एकमेकांत गुंतलेल्या दहा जणांची साक्ष ही दहा साक्षी नसतात.

आणि हाच प्रश्न सरकारी ब्लॉकचेनला विचारायचा असतो जो कुणी विचारत नाही: नोड, म्हणजे वहीची प्रत ठेवणारा कॉम्प्युटर, कुणाकडे? वहीच्या प्रती महसूल खात्याच्या सर्व्हरवर, भूमी अभिलेखच्या सर्व्हरवर आणि नोंदणी विभागाच्या सर्व्हरवर असतील, आणि तिघांचे वरिष्ठ मंत्रालयात एकाच मजल्यावर बसत असतील, तर प्रती तीन झाल्या, विश्वास एकावरच राहिला. त्याला सरळ डेटाबेस म्हणा आणि बॅकअप नीट घ्या, काही कोटी वाचतील. उलट खुल्या चेनवर टाकायचं म्हटलं तर तिथे मालकी म्हणजे 'प्रायव्हेट की', किल्लीसारखा एक लांबलचक गुप्त आकडा. तो हरवला की गेलं. 70 वर्षांच्या आजीला पेन्शनसाठी अंगठा जुळत नाही म्हणून चार हेलपाटे पडतात तिथे तिने ही किल्ली सांभाळायची? ती वारली आणि किल्ली कुणाला सांगितलीच नसेल तर तीन एकर जमीन काय अधांतरी लटकणार? मग अर्थातच म्हणणार की नाही, अशा वेळी अधिकाऱ्याला बदलायचा अधिकार देऊ, कोर्टाचा आदेश आला की नोंद फिरवू. द्या ना, द्यायलाच पाहिजे, पण मग 'कुणालाच बदलता येत नाही' हे कुठे राहिलं?

मुळात बड्यांचं अडलं की चेनसुद्धा बदलते हेही बघितलंय जगाने. 2016 मध्ये इथेरियमवर डीएओ नावाचा एक फंड होता, नियम सगळे कोडमध्ये, कोड हाच कायदा असं अभिमानाने सांगायचे. कोडमध्ये भोक निघालं, एकाने नियमातच बसून 36 लाख इथर, म्हणजे इथेरियमची नाणी, काढून घेतले. मग काय झालं? बहुतेकांनी ठरवलं की हे काही चालायचं नाही आणि चेनच मागून वळवली, ज्यांना ते पटलं नाही ते जुन्या चेनवर राहिले, म्हणून आज इथेरियम आणि इथेरियम क्लासिक अशा दोन वह्या आहेत. निर्णय शेवटी माणसांनीच घेतला, मतं मोजून, भांडून. मला त्यात वाईट काही दिसत नाही, फक्त तो निर्णय कोण घेणार हे आधीच लिहून ठेवलेलं असावं एवढंच म्हणणं.

बरं, हे सगळं कल्पनेतलं आहे आणि वापरून तर बघूया, असंही म्हणतात. अहो, आपण वापरतोय! तुमच्या मोबाइलवर बँकेचा जो मेसेज येतो तो ब्लॉकचेनमधून गाळून येतो हे किती जणांना माहितीये? ट्राय या टेलिकॉमच्या सरकारी नियामकाने 2018 मध्ये नियम केले की व्यापारी एसएमएस पाठवणाऱ्या प्रत्येकाने आपलं नाव आणि मेसेजचा साचा डीएलटी म्हणजे डिस्ट्रिब्युटेड लेजरवर नोंदवायचा. 8 मार्च 2021 ला छाननी चालू केली आणि देशभर ओटीपी अडकले, कारण बँकांनी आणि कंपन्यांनी साचे नीट नोंदवलेलेच नव्हते, मग सात दिवसांची स्थगिती द्यावी लागली. त्यानंतर सुधारलं, नोंदलेल्या मेसेजमध्ये शिस्त आली हे मी नाकारत नाही. पण स्पॅम थांबलं का? प्लॉटवाले, लोनवाले साध्या दहा आकडी नंबरवरून फोन करायला लागले. वही चोख आहे, फक्त चोर वहीत नाव नोंदवायला येत नाही.

आणखी एक, आपल्या नाशिकचं. द्राक्ष निर्यातीसाठी अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेने 2006 मध्ये ग्रेपनेट सुरू केलं, युरोपातल्या दुकानातल्या खोक्यावरून मागे जात थेट निफाडच्या नाहीतर दिंडोरीच्या बागेपर्यंत पोचता येतं, बागेची नोंदणी, लॅबचा रिपोर्ट, पॅकहाऊस, कंटेनर, सगळं. तेव्हा सातोशीचा पत्ता नव्हता. साधा वेबवरचा डेटाबेस, आणि चालतं उत्तम, कारण बाग नोंदवणारा, नमुना घेणारा आणि माल पास करणारा ही माणसं वेगवेगळी ठेवली. पुढे 2016-17 च्या सुमारास वॉलमार्टने ब्लॉकचेनवरून अमेरिकेत आंब्याच्या फोडींचं मूळ शोधायला लागणारा जवळपास सात दिवसांचा वेळ 2.2 सेकंदांवर आणला म्हणून ढोल वाजले, ते कौतुक मला कधी कळलंच नाही, आमचे द्राक्षवाले ते आधीपासून करत होते. पण ग्रेपनेटचीही मर्यादा 2010 ला दिसली. क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागाईतदार ज्याला लिहोसिन म्हणून ओळखतात, त्याचे अंश युरोपात सापडले, इथून रीतसर पास होऊन गेलेले कंटेनर तिकडे अडकले आणि शेतकरी अक्षरशः बुडाले. नोंदी सगळ्या खऱ्या होत्या. आपल्या तपासणीतून ते रसायन निसटलं होतं, एवढंच. ग्रेपनेटच्या जागी जगातली भारीतली भारी ब्लॉकचेन असती तरी तिने काय वेगळं केलं असतं?

दाखल्यांच्या बाबतीत मात्र मी जरा मऊ आहे. गडचिरोलीत एटापल्लीला 2022 मध्ये 65 हजार जातीचे दाखले पॉलिगॉन नावाच्या चेनवर नोंदवायचं काम हाती घेतलं गेलं. चांगला उपयोग आहे, दाखला छापून बनावट करता येणार नाही, पडताळणी मोबाइलवर होते. पण बोगस आदिवासींचा जो प्रश्न 2017 मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, नोकऱ्या जाण्यापर्यंत आला, त्यातला मूळ वाद कागद छापील की नकली हा नव्हता. दाखले खऱ्याखुऱ्या सक्षम अधिकाऱ्यांच्या सहीचेच होते, दावा खोटा होता, आणि तो पडताळणी समितीने जुने शाळेचे दाखले, नातेवाइकांची रेकॉर्ड उलटून ठरवावा लागतो. ते काम करणाऱ्या समित्यांकडे माणसं किती आणि ढीग किती, हा प्रश्न कंटाळवाणा असल्यामुळे त्यावर व्हिडिओ निघत नाहीत.

क्रिप्टोवर फार बोलत नाही, तो वेगळा विषय आहे. ज्या देशात चलन रोज पडतं किंवा सरकार खाती गोठवतं तिथे मालक नसलेली वही ही चैन नसते, गरज असते, आणि आखातातून पैसे पाठवताना कमिशन खाणाऱ्यांना स्पर्धा मिळाली तर मला आनंदच आहे. पण देशातल्या देशात पैसे पाठवायचा प्रश्न आपण 2016 पासून यूपीआयने सोडवला, त्यात ब्लॉकचेन नाही. आणि गेनबिटकॉइन नावाच्या स्कीममध्ये महिन्याला 10 टक्के मिळणार म्हणून पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या लोकांनी पैसे घातले, ते बुडाले, तपासात मदतीला घेतलेल्या तज्ज्ञांनाच 2022 मध्ये पुण्यात अटक झाली, जप्तीतली नाणी वळवल्याच्या आरोपावरून. चेनवर बघाल तर प्रत्येक व्यवहार चोख नोंदलेला असणार, त्यात शंका नाही. मोठमोठ्या कंपन्यांचंही फार वेगळं नाही. मर्स्क आणि आयबीएमने जहाजमालासाठी 2018 ला ट्रेडलेन्स काढलं, नोव्हेंबर 2022 ला गुंडाळायचं जाहीर केलं, कारण सगळ्या शिपिंग कंपन्या एकाच वहीवर यायला तयार होईनात. ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजाराने त्याच महिन्यात आपला ब्लॉकचेनचा घाट थांबवला आणि सुमारे 25 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर पाणी सोडलं. हे गरीब देश नाहीत, अडाणी लोक नाहीत.

मग करायचं काय? तो स्वस्त तुकडा घ्यायचा, न्यूयॉर्क टाइम्सवाला. रोज संध्याकाळी तालुक्यातल्या सगळ्या सातबाऱ्यांचा आणि फेरफारांचा मिळून एक 64 अक्षरी शिक्का काढा आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात छापा, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, जिल्हा न्यायालयाला पाठवा, बार असोसिएशनला पाठवा. नाणं नको, टोकन नको, कन्सल्टंट नको, हे काम एखादा इंजिनिअरिंगचा पोरगा सुट्टीत करून देईल. उद्या कुणी 2026 च्या तारखेत मागून नाव घुसवलं की शिक्का जुळणार नाही, आणि रोजची जुनी प्रतही जपून ठेवली तर कलम 155 खाली केलेली प्रत्येक दुरुस्ती जुन्या नोंदीशेजारी दिसत राहील. ज्यांना आतल्या माणसाची भीती वाटते, त्यांची भीती योग्यच आहे, आणि तिला हे उत्तर आहे.

बाकी पैसा नोंद होते त्या ठिकाणी घाला. 2017 मध्ये चावडी वाचन केलं होतं आठवतंय? गावात लोकांना बसवून सातबारे मोठ्याने वाचले, ज्याची चूक त्याने तिथेच सांगायची. काही गावात नुसती सही-शिक्क्याची कारवाई झाली, जिथे मनापासून केलं तिथे वर्षानुवर्षांच्या चुका एका दुपारी उघड्या झाल्या. ते एकदाच करून सोडून का दिलं? वारस नोंदीला मयताच्या सगळ्या मुला-मुलींचे मोबाइल नंबर सक्तीचे करा, रेशनकार्डाशी, शाळेच्या दाखल्यांशी ताडून बघा, नोटीस त्या त्या माणसाच्या फोनवर जाऊ द्या आणि बहिणीने स्वतः हो म्हणेपर्यंत सर्कलला मंजुरीचं बटणच दिसू नये. मोजणीच्या माणसांच्या जागा भरा.

लॉ कमिशनचा अहवाल येईल तेव्हा मी त्यात नोड आणि हॅशचं प्रकरण आधी वाचणार नाही. आपल्याकडे खरेदीखत नोंदवणारा 1908 चा कायदा कागद नोंदवतो, विकणारा खरंच मालक आहे का याची हमी देत नाही, आणि सातबाऱ्यावरची नोंदही जमीन महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे उलट सिद्ध होईपर्यंतच खरी धरायची असते. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्सने 1858 मध्ये, वीज यायच्या आधी, शाई आणि रजिस्टरवर उलटी पद्धत आणली: सरकारी रजिस्टरात नाव आहे तोच मालक, आणि सरकारच्या चुकीने कुणाचं नुकसान झालं तर भरपाई सरकारी फंडातून. नीती आयोगानेही 2020 च्या सुमारास अशा पक्क्या मालकीच्या कायद्याचा नमुना राज्यांपुढे ठेवला होता. चुकीची नोंद झाली तर भरपाई द्यायला सरकार तयार आहे का, आणि ती कुठल्या बजेटमधून, हे त्या अहवालात कुठल्या पानावर आहे ते मला आधी बघायचंय.